उरलेली वीज

वीज कंपनीतले एक साहेब दर एप्रिलला माझ्या डीटीपीच्या दुकानात येतात. घरगुती, व्यापारी, औद्योगिक आणि शेती, अशा गटांना कुठल्या भागात किती वीज विकली, त्याचा वार्षिक अहवाल माझ्याकडून सजवून घेतात. खिशात चार रंगांची चार पेनं आणि तोंडात एकच वाक्य, "बसवून टाकू."

घरांना, दुकानांना, कारखान्यांना मीटर आहेत, त्यामुळे तिथे साहेबांच्या प्रतिभेला वाव नाही. शेतीपंपांना मात्र बऱ्याच ठिकाणी मीटरच नाहीत. म्हणून गळालेली, चोरलेली, कुठेच न सापडलेली सगळी वीज साहेब शेतीत बसवतात आणि तो रकाना न चुकता हिरवा करतात. एवढं शेतीप्रेम मी शेतकऱ्यातही पाहिलेलं नाही.

यंदा साहेब माझ्याशेजारी बसलेले असतानाच हरसूलचे एक बाबा मुलीची लग्नपत्रिका छापायला आले. स्क्रीनवर गावाचं नाव दिसलं म्हणून त्यांनी विचारलं. शेतीला तिकडे भरपूर वीज विकली गेलीय, असं मी सांगितलं.

"आमचा ट्रान्सफॉर्मर दिवाळीपासून जळालेला हाय. पंप बंद. मग ही वीज घेतली कोणी?"

साहेबांनी चष्मा पुसला. "बाबा, हा विक्रीचा तक्ता आहे. पुरवठ्याचा वेगळा असतो."

बाबा गेल्यावर साहेबांनी हिरवं पेन उघडलं आणि परत बंद केलं. मग हळूच म्हणाले, "हरसूलचा आकडा कमी कर."

माणूस आतून हलला, असं मला वाटलं. मी लगेच कमी केला.

"आता तेवढाच पेठमध्ये वाढव," साहेब म्हणाले. "पेठचं कोणी येत नाही ना तुझ्याकडे?"