चिमीसाठी आलेला फोन

या सदरात लोक भुताखेतांचे जे अनुभव लिहितात ते मी वाचते, आणि खरं सांगायचं तर बरेचदा हसते. माझी सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून गेली. पोस्टमॉर्टेमच्या खोलीला लागून असलेल्या व्हरांड्यात बसून मी डबा खाल्लाय... आतलं कुणी कधी उठून माझ्याशी बोललं नाही. घरही तसंच. आम्ही बौद्ध. दीक्षा घेतली त्या दिवशी आजोबांनी घरातले देव, मरीआईचे टाक, अंगाऱ्याच्या पुड्या सगळं टोपल्यात भरून ओढ्याला सोडून दिलं. भानामती, अंगात येणं, बाहेरची बाधा हे शब्द आमच्याकडे शिव्यांसारखे. म्हणून हे लिहायला इतकी वर्षं लागली. आता आई नाही, मामा नाही. तो आवाज ऐकलेली मी एकटीच उरलेय, म्हणून लिहितेय. विश्वास ठेवाच असं माझं म्हणणं नाही.

आणीबाणी उठली त्याच्या आसपासची गोष्ट. तेव्हा हिंगोली जिल्हा झाला नव्हता, आमचा सगळा भाग परभणीतच. आमचे हे पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर, कालव्याच्या कामावर कळमनुरीला बदलून आलेले. क्वार्टर्सवर अजून स्लॅब पडायचा होता. तोवर ऑफिसनं गावाबाहेर नांदेड रस्त्याला झालेल्या नव्या हॉटेलातल्या दोन खोल्या स्टाफसाठी घेतल्या होत्या, त्यातली एक आम्हाला मिळाली. मी बाळंतपणाच्या रजेवर होते, मुलगी चार महिन्यांची.

हॉटेल एका जुन्या जहागीरदाराच्या बागेत होतं. निजामाच्या काळातली बाग... दोन माणसांच्या कवेत मावणार नाहीत अशा चिंचा, आंब्यांच्या रांगा, दगडी पाट, कोरडी पडलेली कारंजी. जहागीरदाराचे वारस केव्हाच हैदराबादला निघून गेलेले. धरणाच्या कामावर पैसा केलेल्या एका कंत्राटदारानं ती जागा घेतली, पडकी हवेली उतरवली आणि तिच्याच दगडांचं कंपाउंड घालून मधोमध दुमजली हॉटेल बांधलं. मोझॅकची फरशी, सनमायकाची टेबलं, गीझर, कमोड आणि प्रत्येक खोलीत काळा फोन! त्या काळात कळमनुरीत फोन असायचे पोस्टात, पोलीस ठाण्यात आणि दोन-चार अडत्यांकडे. तिथं खोलीत फोन म्हणजे... रविवारी लोक लेकरंबाळं घेऊन नुसतं हॉटेल बघायला यायचे.

मुलीला सांभाळायला मी आईला जवळा बाजारहून बोलावून घेतलं. एस्टी स्टँडवरून हे तिला रिक्षानं घेऊन आले. फाटकाशी उतरली आणि तिथंच उभी राहिली. हॉटेलकडे बघेना, झाडांकडे बघत होती.

"हे कुठं आनलंस मला?" म्हणाली. "ही जहागीरदाराची बाग हाय."

"तुला कशी माहीत?"

"आमी इथंच होतो की. बागंच्या मागं झोपड्या होत्या आपल्या लोकांच्या. मी खुरपायला यायची. समदं घरच राबायचं."

आजोबा, म्हणजे आईचे वडील, कळमनुरीकडून जवळा बाजारला आले एवढं मला ठाऊक होतं, त्यापलीकडे कुणी कधी बोललं नव्हतं. मी म्हटलं, "मग काय, आता त्यांच्याच बागेत गादीवर झोप की!" मला वाटलं ती हसेल. ती म्हणाली, "लेकरासाठी राहते. न्हाईतर राहिले नसते."

खोलीत आल्यावर मात्र ती कामाला लागली. झोळी बांधायला वर आढं शोधलं, तर सपाट स्लॅब. शेवटी खिडकीचा गज आणि कपाटाची मूठ अशी माझ्या जुन्या लुगड्याची झोळी बांधली. मॅनेजरनं नाक मुरडलं. आईनं त्याच्याकडे पाहिलंही नाही.

फोन आला तो दुपारी. जेवणं झाली होती, हे कामावर गेलेले. वीज गेलेली, त्यामुळे पंखा बंद, बाहेर ऊन नुसतं पेटलेलं. आई झोळी हलवत होती, मी कपड्यांच्या घड्या घालत होते. आणि टेबलावरचा फोन वाजला. आम्ही आल्यापासून तो कधी वाजला नव्हता. लेकरू दचकून उठेल म्हणून मी झटकन उचलला.

"चिमी हाय का तिथं?"

मुलीचा आवाज. सोळा-सतरा वर्षांची असेल. स्वच्छ आवाज, खरखर नाही की काही नाही.

"कोण चिमी?" मी म्हटलं. "इथं चिमी कुणी नाही. राँग नंबर."

ठेवला. लगेच परत वाजला.

"चिमीला दे ना गं. सुंद्रा बोलून राहिली म्हनावं."

मी वैतागून आईला म्हटलं, "कुणीतरी चिमीला मागतंय. सुंद्रा म्हणे."

झोळी हलवणारा आईचा हात थांबला. तिचं तोंड असं झालं की मला वाटलं हिला अटॅक येतोय... मी नाडी बघायलाच पुढे झाले. तिनं माझा हात बाजूला केला आणि फोन घेतला. जन्मात तिनं फोन धरलेला नव्हता. उलटा धरला. मीच सरळ करून कानाला लावून दिला.

पुढचं मला एकाच बाजूनं ऐकू आलं. जसं ऐकलं तसं लिहिते.

"व्हय. मीच."

मग म्हणाली, "माय गेली गं. लई दिस झाले. बा बी गेला."

"दादा हाय. नातू झाले त्याला."

"न्हाई. कुनी न्हाई काढलं तुझं नाव. काढू देत नव्हता बा."

"ही मपली लेक. नर्स हाय, दवाखान्यात. सुई देती लोकाला... व्हय, तिनंच उचलला."

मग ती बराच वेळ नुसती ऐकत राहिली. ओठ हलत होते, आवाज नाही. पदर तोंडात धरलेला. एकदा म्हणाली, "हौदात?" आणि मग अगदी हळू, "मग हाक काहून न्हाई मारलीस?"

पलीकडून काहीतरी उत्तर आलं असणार. आई एकदम ओरडली, "मी तिथंच होते की गं! वाफ्यात होते! मला न्हाई ऐकू आलं!"

लेकरू उठून रडायला लागलं. आईनं फोन मांडीवर ठेवला. मी घेऊन कानाला लावला. आत काहीच नव्हतं. खरखर नाही, टोन नाही... लाकडाचा ठोकळा कानाला लावावा तसं.

मला पहिल्यांदा राग आला, कुणीतरी घाणेरडी चेष्टा करतंय म्हणून. लेकराला काखेत मारून मी तशीच खाली काउंटरवर गेले. मॅनेजर हैदराबादचा, बेलबॉटमवाला. "आमच्या खोलीत फोन कुणी जोडून दिला?" म्हटलं.

तो हसला. "मॅडम, कौन जोडेगा? लाइन ही नहीं आई अभी. वो तो शो के लिए रखे हैं."

माझा विश्वास बसेना. त्यानं काउंटरमागचा फोनचा बोर्ड दाखवला. नवाकोरा, वर प्लॅस्टिक तसंच. वर येऊन मी टेबल ओढलं. फोनची वायर भिंतीतल्या भोकातून बाहेर गेली होती. मागच्या बाजूला जाऊन पाहिलं, तर आमच्या खिडकीखाली ती वायर हाताच्या उंचीपर्यंत आणून, वेटोळं करून खिळ्याला अडकवलेली, दोन्ही तारांची टोकं उघडी. त्यावर कोळ्यानं जाळं केलेलं.

आईनं संध्याकाळी सांगितलं. चिमी हे तिचं लहानपणचं नाव, थोरल्या बहिणीनं ठेवलेलं. ती गेल्यावर आईला चिमी कुणीच म्हटलं नव्हतं. थोरलीचं नाव सुंद्रा. मला मावशी होती हे मला त्या दिवशी कळलं! सुंद्राला हवेलीत झाडलोटीला बोलवायला लागले होते. एके दिवशी ती परत आली नाही. दुसऱ्या दिवशी आजोबांनी घरात सांगितलं, लदेनीवाल्या, बैलांवर माल लादून फिरणाऱ्या, एका पोराचा हात धरून पळाली, तिचं नाव या घरात घ्यायचं नाही. मग सगळं घर तिथून उठून जवळा बाजारला आलं.

"मी लई शिव्या दिल्या तिला," आई म्हणाली. "मनातल्या मनात. मला सोडून गेली म्हनून. चाळीस वर्सं शिव्या देऊन राहिले, अन् ती इथंच."

दुसऱ्या दिवशी आई खाली लॉनवर जाऊन बसली. हॉटेलवाले जिथं संध्याकाळी छत्र्या लावून चहा द्यायचे, बरोबर तिथं. जुना दगडी हौद तिथंच होता म्हणाली, बागेला पाणी सोडायचा. मॅनेजर आला, "अम्मा, उठो, गेस्ट आने वाले हैं."

"खाली मपली बहीन हाय," आई म्हणाली.

आमचे हे कंत्राटदाराकडे जाऊन आले. फोनचं काय सांगणार, नुसतं विचारलं. तो म्हणाला, व्हय, हौद होता, पण मी जागा घेतली तेव्हाच तो बुजवलेला होता, मुरूम टाकून. कुणी बुजवला, केव्हा, ठाऊक नाही. खणून बघू का म्हटल्यावर तो हसायला लागला. "ओव्हरसियरसाहेब, लॉन केवढ्याला पडलं ठाऊक आहे का?" पोलिसात जावं तर तक्रार काय लिहिणार? कोणाच्या सांगण्यावरून? हे रात्री मला म्हणाले, "मी तुला खोटं म्हणत नाही. पण हे मी कुणापुढं बोलू शकत नाही." माझंही तेच होतं. वस्तीतल्या बायकांना भानामती खोटी म्हणून सांगत फिरणारी मी...

आई म्हणाली, मला दादाकडं ने.

मामा जवळा बाजारला, ओढ्याकाठच्या मळ्यात राहायचा. आम्ही गेलो तेव्हा अंगणात बसून दोरी वळत होता. मला वाटलं, आता हा आईला वेडी म्हणणार. समाजाच्या बैठकीत पुढं बसणारा माणूस, अंधश्रद्धेवर आमच्यापेक्षा जास्त बोलायचा. आईनं सांगायला सुरुवात केली. फोन, चिमी, सुंद्रा. त्यानं मान वर केली नाही. माझ्याकडे बघून विचारलं, "तू ऐकलं?"

"ऐकलं," मी म्हटलं. "पहिल्यांदा मीच उचलला."

त्यानं दोरीला आणखी एक पीळ दिला. मग म्हणाला, "हौदातच म्हनली का?"

आई त्याच्याकडे बघत राहिली. मला समजायला जरा वेळ लागला. आम्ही त्याला हौदाचं अजून सांगितलंच नव्हतं.

"बा ला हवेलीत बोलावलं होतं," मामा म्हणाला. "तिथून आला तो म्हनला, पोरगी पळाली म्हनायचं. म्हनलो आमी. जहागीरदारानं हे रान दिलं कसायला, अन् आजच्या आज निघा म्हनला. पुढं कूळकायद्यात नावावर झालं." मग माझ्याकडे बोट केलं. "हिला नर्सिंगला कशावर घातलं तू? दर साली जवारी कुठून येऊन राहिली तुला? बा नं काय करायचं होतं? त्याच्याशी भांडायचं होतं?"

मामी चहा घेऊन आली होती, ती दारातच थांबली.

आई रडली नाही. तिनं एकच विचारलं. "ती म्हनली, हाक मारली होती मी. मी पल्याडच्या वाफ्यात होते, मला न्हाई आली. तू तर मोटंवर होतास, हौदाच्या शेजारी. तुला आली होती का, दादा?"

मामानं दोरी बाजूला ठेवली. परत हातात घेतली.

आम्ही पाणीही न घेता निघालो. त्यानंतर ती पुन्हा त्या घरी गेली नाही. पुढच्या साली मामानं ज्वारीचं पोतं पाठवलं, तिनं ते त्याच गाडीनं परत धाडलं. माझ्याकडेच राहिली शेवटपर्यंत. मामा वारला तेव्हा मात्र आली माझ्याबरोबर. मातीला लोक पुष्कळ होते, भाषणं झाली, वंदना झाली. परत येताना एस्टीत म्हणाली, "ह्याला माती तरी मिळाली. चार लोकात."

पुढे टेलिफोन खात्यातल्या एका इंजिनिअरला मी विचारलं होतं, नाव-गाव न सांगता. न जोडलेला फोन वाजेल का? तो म्हणाला, विजेचा कडकडाट वगैरे असेल तर टिंग होऊ शकतं. कडक ऊन होतं, म्हटलं. मग नाही म्हणाला. आणि माणसाचा आवाज? तो माझ्याकडे बघायला लागला, मी विषय बदलला. मावशीनं तेव्हाच का बोलावं, आधी का नाही, तेही मला कळलेलं नाही. माझ्याकडे याचं काहीही स्पष्टीकरण नाही. मी अजून देव मानत नाही, गंडे बांधत नाही, कुणी बांधलेले दिसले तर ओरडते.

एक मात्र मी आईला पुष्कळदा विचारलं. ती बराच वेळ नुसती ऐकत होती ना, तेव्हा मावशी काय बोलली? हौदाच्या आधी काय झालं, कोण होतं... काय सांगितलं तिनं? आईनं कधीच सांगितलं नाही. शेवटच्या दुखण्यात तिला सलाइन लावताना मी पुन्हा विचारलं. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

"एकीनं ऐकलं," म्हणाली, "पुरे झालं."