बेडक्यावरून माणूस ओळखणारे भाऊ

जग माणसाला चेहऱ्यावरून ओळखतं. चंद्रपूरच्या एका लहानशा लॅबमध्ये तपासणी करणारे आमचे भाऊ मात्र बेडक्यावरून ओळखत. सहा वर्षांत माझं नाव त्यांच्या लक्षात राहिलं नाही. बसस्टँडवर समोर उभा राहिलो तरी कोरे ते कोरेच. पण माझ्या मुलीच्या बेडक्याची बाटली उजेडात धरली, की लगेच, "गोंडपिपरीचे गुरुजी ना? बसा, बसा!" मुक्ताला सिस्टिक फायब्रोसिस आहे. फुप्फुसातला कफ डिंकासारखा घट्ट होतो आणि त्यात जंतू घर करतात. ते वेळेवर सापडावेत म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी एसटीने आमची भाऊंकडे फेरी.

थुंकी वेगळी आणि बेडका वेगळा, हा भाऊंचा धर्म. तोंडातलं पाणी आणणाऱ्याला ते अंगणात नेत आणि छातीतून कसं खोकायचं ते स्वतः खोकून दाखवत. इतकं जीव तोडून, की समोरचा चहावाला भाऊंसाठीच आल्याचा चहा पाठवी. एकदा एका शेतकऱ्याला काही केल्या बेडका पडेना, तेव्हा त्याच्या बायकोने स्वतःच खोकून बाटली भरली. भाऊंनी बाटली बघितली, मग त्या गृहस्थाचे तंबाखू-सुपारीने लाल झालेले दात बघितले. "हा मानूस दिवसभर खर्रा खाते, आन् याच्यात सुपारीचा कन नाई?"

"एकाच घरचा हाय ना भाऊ," बाई म्हणाली. भाऊ हसले नाहीत. नवऱ्याला पुन्हा अंगणात नेलं.

मुक्ता पाचवीत असतानाची गोष्ट. चार दिवसांवर गॅदरिंग, त्यात रेला नाच, आणि ही पहिल्या रांगेत. सकाळी हिरवा कफ पडत होता, तो पोरीने न्हाणीत धुऊन टाकला आणि आम्हाला कळू दिलं नाही. दवाखान्यात ठेवतील हे तिला पक्कं ठाऊक होतं. लॅबमध्ये तिने बाटलीत नुसता फेस दिला.

"बाई, हे तोंडातलं हाय. मले छातीतलं पाह्यजे."

"तिथी काईच नाई."

मग भाऊ तिच्याशी खोकायची शर्यत लावून बसले. कोंबड्यासारखे खोकले, म्हशीसारखे खोकले. मुक्ताला हसू फुटलं, हसता हसता खोकला लागला आणि व्हायचं ते झालं. बाटलीतला हिरवा रंग बघून भाऊंनी लगेच झाकण घट्ट लावलं.

तिसऱ्या दिवशी त्यांचाच फोन. "गुरुजी, नवा जंतू हाय. आत्ताच सापडला म्हनून निघन. जुना झाला का मंग घरमालक होते." मुक्ताला नागपुरात भरती केलं. नाच तिच्यावाचून झाला. भाऊंशी तिने बोलणंच टाकलं. बाटली ठेवायची आणि भिंतीकडे बघायचं. भाऊ मला बाजूला घेऊन विचारत, "पोट्टी अजून रागावून हाय का?"

तिसरा रिपोर्टही स्वच्छ आला, तेव्हा भाऊंनी तो स्वतः वाचून दाखवला. त्याच दमात, आता काम सोडून सिरोंच्याला लेकीकडे राहायला जातो, असंही सांगून टाकलं. आठ महिन्यांनी मुक्ताने त्यांच्याकडे बघितलं.

"मंग माहा बेडका कोन पाहीन?"

भाऊ चष्मा पुसत राहिले. "येइन ना कोनी चांगलं," एवढंच म्हणाले.

आता तिथे नव्या मॅडम आहेत. स्वभावाने गोड, दिलेली बाटली उजेडात न धरताच हसून ठेवून घेतात. आम्ही पहिल्याच गाडीने परत येतो. मुक्ता खिडकीशी झोपून जाते, आणि खोटं कशाला सांगू, गोंडपिपरीपर्यंत माझ्या जिवाला घोर लागलेला असतो.