जीपवाले काका

"यंत्राला मन असतं रे," असं म्हणून काका फडक्याने हात पुसायचे. हात मुळात स्वच्छच असायचे.

बोरिवलीच्या आमच्या सोसायटीत त्यांनी ती जुनी जीप आणून उभी केली, तेव्हा ते विम्याच्या ऑफिसातून नुकतेच निवृत्त झाले होते. पत्रा गंजलेला, टायर बसलेले, सीटमधून काथ्या बाहेर आलेला. "हिला मी जिवंत करणार!" त्यांनी जाहीर केलं. माझी खिडकी पहिल्या मजल्यावर, बरोबर जीपच्या वर. तेव्हा पुढची दोन वर्षं मी जे पाहिलं, तेच सांगतो.

सकाळी काका खुर्ची टाकून बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून इंजिन समजावत. बहुतेक चुकीचं. दुपारी ते जेवून घोरायला लागले की काकू पदर खोचून खाली येत. खरं काम तेव्हा सुरू होई. जुन्या टूथब्रशने कार्ब्युरेटर घासणं, गाडीखाली चटई टाकून झोपणं, सगळं त्याच करत. कुडाळला त्यांच्या वडिलांचं गॅरेज होतं. आता ते भाऊ चालवत होता.

एकदा न राहवून मी खाली गेलो. "काकू, करता सगळं तुम्ही. मग ते कशाला मिरवतात?"

"त्यांका बरा वाटता. वाटूंदे," गाडीखालून आवाज आला. "तू तो पानो दी हयसर." मी पाना पुढे केला.

अखेर एका रविवारी जीप सुरू झाली. काकांनी नारळ फोडला, भाषण ठोकलं. "मी एकट्याने केलं, एकट्याने!" काकू खोबऱ्याचे तुकडे वाटत होत्या. मग गोराईपर्यंत चक्कर ठरली. पुढे काकांच्या शेजारी चेअरमन, मागे आणखी दोघं. एकच जागा उरली. काकूंनी चप्पल घातली होती.

"तू पुढच्या वेळी," काका म्हणाले आणि मला हाक मारली.

मी बसलो. त्या माणसाला नावं ठेवताना हेही सांगायला हवं.

भर उन्हात, गोराईच्या अलीकडे जीप बंद पडली. काकांनी बॉनेट उघडलं, हात पुसले, मनाबद्दल काहीतरी बोलले. अर्ध्या तासाने चेअरमन वैतागले. तेव्हा मीच काकूंना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"पेट्रोलची वाफ झाली असतली नळीत," काकू म्हणाल्या. "इंजिनाच्या बाजूक छोटो पंप आसा, त्याच्यार ओला फडक्या टाका. धा मिनिटा थांबा."

"तेच करत होतो मी!" काका ओरडले.

दहा मिनिटांनी गाडी सुरू झाली. आम्ही परतलो तेव्हा काकू गेटपाशीच उभ्या होत्या. "दमली असशील ना उभं राहून?" एवढंसुद्धा ते म्हणाले नाहीत. म्हणाले, "चहा टाक."

त्याच आठवड्यात काकू भावाकडे कुडाळला गेल्या. "पंधरा दिवसांत येईल," काका सांगत. पाच महिने झाले. दरम्यान त्यांनी स्वतः बॅटरी जोडली, तीही उलटी. धूर निघाला आणि जीप मेली. "तिला सांगू नकोस हां," मला म्हणाले. त्या दिवशी त्यांचे हात खरोखर काळे होते, आणि ते पुसायचं त्यांना सुचलं नव्हतं. क्षणभर मला वाईट वाटलं. क्षणभरच.

शेवटी कुडाळहून काकूंचा निरोप आला. तो त्यांनी मलाच फोनवर सांगितला, कारण काका ऐकून न ऐकल्यासारखं करत. "गाडी आधी धाडा. मी करतंय तिका. ते मागसून येवंदेत, येवचा आसात तर."

ट्रक आला, पण गेटच्या आत शिरेना. जीप बाहेर न्यायला आम्ही चौघं मागून ढकलू लागलो. "काका, उतरा की, हात लावा!" चेअरमन म्हणाले. काका उतरले नाहीत. स्टिअरिंग धरून ताठ बसले होते. बंद गाडी गेटपाशी वळली, तेव्हा त्यांनी उजवा हात बाहेर काढून मागच्यांना रीतसर सिग्नल दिला.

मागे आम्ही चौघंच होतो.