आज दूर बसा

माझी सासू, सिंधूताई, तोंडाची फटकळ. मीही काही कमी नाही, त्यामुळे पिंपळगाव राजात आमच्या घरचं भांडण शेजारपाजारच्यांना फुकटात ऐकायला मिळायचं.

नवी नवरी असताना ती एका मोठ्या शेतात कापूस वेचायला गेली होती. तिथे आम्हा बौद्धांच्या बायांना पाणी वरून ओंजळीत ओतायचे. तिने कमरेची कापसाची ओटी सोडली, धुऱ्यावर म्हणजे शेताच्या बांधावर आपटली आणि बाकीच्या बायांनाही घेऊन निघून आली. पुढे बीटी कापसाच्या बोंडांतही गुलाबी अळी निघाली, त्या वर्षी दुसरीकडे कुठेच वेचणी नव्हती. तरी त्या शेतात तिने पाय ठेवला नाही.

त्याच हिवाळ्यात तिची पाठ धरली. छातीच्या गाठीचं ऑपरेशन आधी झालेलं होतं. आजार हाडांत उतरला का, हे बघायला डॉक्टरने अकोल्याला स्कॅनसाठी पाठवलं. मी पोटुशी होते. आधीचं एक पोटातच गेलेलं, म्हणून मला प्रवास बंद. माझा नवरा धम्मरत्न तिला घेऊन गेला.

संध्याकाळी दोघं परतली, पण ती घरात येईना. अंगणापलीकडच्या कापसाच्या रिकाम्या खोलीत जाऊन बसली. धम्मरत्नने सांगितलं, इंजेक्शन देऊन फोटो काढतात. त्या औषधाची किरणं दिवसभर अंगातून बाहेर पडतात. ते लघवीवाटे निघून जातं, म्हणून पाणी भरपूर प्यायचं. आजचा दिवस लहान लेकरं आणि गरोदर बाईपासून दूर बसायचं. धोका फारसा नसतो, पण काळजी घ्यायची. उद्यापासून काही नाही.

"पहिले त भांडली तिथल्या पोराशी," तो म्हणाला. "दूर काऊन बसू म्हणे. मंग तुह्यं ध्यानात आलं अन् गप झाली."

तो ताट न्यायला निघाला. मी दिलं नाही, स्वतःच घेऊन गेले.

"तिथंच थांब," ती आतून ओरडली. "खाली ठेव अन् सरकव."

मी ताट हातातच धरून ठेवलं. या बाईपुढे मी जमिनीवरून ताट ढकलू? असा संताप आला, त्या आजाराचा, त्या मशीनचा, तिचासुद्धा.

"मी नाही सरकवत, आत्या. तुमच्याजवळ बसून जेवते."

"पायल, हट नको करू माय. मले कोणी बसवलं नाही. मीच बसली."

मी ताट सरकवलं आणि तिथेच रडले. ती तांब्यावर तांब्या पाणी पीत जेवली. वरून म्हणाली, भाजीत मीठ नाही.

दुसऱ्या दिवशी ती घरात आली. दुपारी धम्मरत्न रिपोर्ट घेऊन आला. आजार हाडांत उतरला होता. डॉक्टरने त्याला आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, त्यानेही आम्हाला तसंच सांगितलं. मी दाराशीच उभी राहिले. तिच्याकडे बघवेना.

तिने बसल्या जागी सरकून चटईवर जागा केली.

"कालचा दिवस गेला ना?" ती म्हणाली. "मंग आता दूर काऊन वं? ये इकडं."