गोरिलाच्या पिल्लाला काजळ

सोलापूरहून मंगळवेढ्याला जाणाऱ्या एसटीत एक खेडूत बाई माझ्या शेजारी बसली होती. तिच्या मांडीवर शेळीचं करडू होतं. माझ्या हातात एका शाळेत लावायचं पोस्टर होतं. त्यावर आफ्रिकेतलं राखीव जंगल आणि पिल्लाला छातीशी धरलेली गोरिलाची मादी.

“ही जनावरं आता फार थोडी उरलीत, मावशी,” मी म्हणालो.

तिनं डोळ्यातलं काजळ बोटावर घेतलं आणि चित्रातल्या पिल्लाच्या गालाला लावलं. “दिष्ट लागाय नगं.”

मग करडाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “आमचा माळ बी राखीव केला, पोरा. पाखरांसाठी. चराई बंद झाली, शेरडं इकली. ह्ये एक भनीकडं सोडाय चाललीय. पाखरं जगू द्यात की, पर आमी कुटं जायाचं?”

तिनं पोस्टरवरच्या लाल अक्षरांवर बोट ठेवलं. “हितं काय लिवलंय?”

‘माणसं हटवा, जंगल वाचवा.’ घोषणा माझीच होती. सोलापूरच्या सात रस्ता चौकात मी ती घसा फाडून दिली होती.

“जंगल वाचवा,” मी हळूच वाचलं.

“एवढ्या अक्षरांत एवढंच व्हय?” ती म्हणाली. “पर ब्येस लिवलंय.”