टाकीचं झाकण

आमच्या ह्यांचा जळफळाट मला ताटावरून कळतो. भाकरी नुसती चिवडत बसतात. हल्ली त्या जळफळाटाचं नाव गौरव.

हे म्हणजे नवनाथ, इकडे गुजराती मुलखात सामरवरणीच्या पंपावर पेट्रोल भरतात. पंप उसापासून इथेनॉल काढणाऱ्या मोठ्या कंपनीचा, आणि आम्ही शहाद्याकडचे, ऊसवाले. म्हणून ह्यांना वाटतं, निम्मी कंपनी आपलीच! सुपरवायझरची जागा रिकामी झाली तेव्हा सगळ्यात जुने हेच होते. पण पंप चालवणारा शेठ प्रत्येक बाबतीत सल्ला विचारणार गौरवला. कालचा पोरगा, फाडफाड गुजराती बोलतो, गिऱ्हाईक त्याच्याच मशीनपुढे रांग लावतं. घरी आले की त्याच्या शर्टाच्या इस्त्रीलासुद्धा नावं ठेवायचे. मी म्हणायची, अहो, तुम्हीही करा की इस्त्री. झालं, मग माझ्यावर राग.

परवा सकाळी गौरवने जमिनीतल्या टाकीत पट्टी घालून पेट्रोल मोजलं आणि घाईत झाकण नीट आवळलं नाही. ह्यांनी ते पाहिलं. एक हाक मारली असती तर भागलं असतं. पण हे गप्प. शेठच्या नजरेला पडू दे, चांगली खरडपट्टी निघू दे त्याची, एवढंच डोक्यात.

शेठच्या आधी चिमाबाई आली, फरशी धुवायला, पाइप घेऊन. पाणी टाकीत उतरलं. पेट्रोलमधलं इथेनॉल पाण्याला धरून तळाशी बसतं, आणि मशीन तळातूनच ओढतं. थोड्याच वेळात अथालच्या रस्त्यावर मोटरसायकली बंद पडायला लागल्या. लोक गाड्या ढकलत परत आले, शिव्या देत. हे ऑइलच्या डब्यांमागे जाऊन उभे राहिले. गौरव मात्र सरळ गर्दीत शिरला आणि चूक माझी आहे म्हणाला.

संध्याकाळी शेठने सगळ्यांना बोलावलं. तिथे गौरव म्हणाला, "नवनाथकाकांना एकदा दाखवलं असतं तर हे घडलंच नसतं. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही."

चूक कबूल करून लोकांना सामोरा गेला, म्हणून शेठने जागा त्यालाच दिली.

घरी येऊन ह्यांनी सगळं मला सांगितलं. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, लाज वाटू द्या, उद्या जाऊन त्या पोराला आणि शेठला खरं काय ते सांगा.

बराच वेळ भाकरी चिवडत बसले. मग म्हणाले, "सांगितलं तर शेठला वाटेल, खुर्ची बरोबर माणसाला दिली."