लासूर ग्रहावरचे चोवीस कप्पे

कचरूभाऊ गायके बत्तीस वर्षं पाणी सोडायच्या नोकरीत होते. काम सांगायला सोपं होतं. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, कमरेइतकी उंच चावी आत घालायची आणि ठरलेले आटे फिरवायचे. त्या लाइनीच्या टोकाला, शेवटच्या घरापाशी, युसूफ शेख सायकलला टेकून उभे असायचे. पाणी तिथं पोचलं की ते शिट्टी मारत. पुढं मोबाइल आले आणि शिट्टीची जागा फोननं घेतली, पण त्यावरही एकच शब्द असायचा: "आलं." एवढ्या एका शब्दावर दोघांची दोस्ती टिकली. याहून जास्त बोलणाऱ्यांची टिकल्याचं फारसं दिसत नाही.

निवृत्त झाल्यावर युसूफभाई छावणीतलं घर बंद करून शारजाला, मुलीकडं गेले. तिथं नळाला चोवीस तास पाणी, त्यामुळं त्यांना करण्यासारखं काही उरलं नाही. नातवानं, अल्तमशनं, त्यांना संगणकावरचा एक खेळ लावून दिला. त्यात माणूस एका अनोळखी ग्रहावर मोडक्या यानाशेजारी जागा होतो. हवा, पाणी, लोखंड गोळा करत जगायचं, यान दुरुस्त करायचं आणि तिथून निघायचं. युसूफभाई आठवड्यात निघाले. दुसऱ्या ग्रहावर त्यांनी मुक्काम टाकला आणि पुंडलिकनगरात, कचरूभाऊंना फोन लावला.

"कचरू, टाकी बांधली मैं."

"कुठं?"

"आसमान में. बघायला ये."

"पानी हाय का तिच्यात?"

"पाणी नाय. पण टाकी अव्वल है. उंचावर बांधली, खाली प्रेशर बरोबर येईल."

पाणी नसलेल्या टाकीच्या प्रेशरवर दोघं अर्धा तास बोलले. मग अल्तमशनं फोन घेतला आणि दोन गोष्टी सांगितल्या. मुक्कामाचा मालक स्वतः खेळात असेल, तेव्हाच त्याचं बांधकाम दुसऱ्याला दिसतं. आणि नानांच्या हृदयाचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे, डॉक्टर फार काही बोलत नाहीत, तर त्याआधी या.

"नाना रोज दुपारी बैठ के राह देखेंगे," तो म्हणाला.

कचरूभाऊंची सून दीपमाला सकाळच्या शाळेत शिकवते. दुपारी तिचा लॅपटॉप रिकामा असतो. तिनं खेळ लावून दिला. ग्रह हळदीच्या रंगाचा होता, आकाशही त्याच रंगाचं, आणि वारा सुटला की पुढचं काही दिसत नसे. खेळानं ग्रहाचं नाव विचारलं.

"लासूर लिही," कचरूभाऊ म्हणाले. त्यांचं गाव लासूर स्टेशनच्या शिवारातलं. "उन्हाळ्यात असंच दिसतंय."

पहिल्या दिवशी कचरूभाऊ तीनदा मेले. एकदा उन्हानं, एकदा हवा संपल्यानं, आणि एकदा गाईसारख्या दिसणाऱ्या जनावराच्या अंगावरून हात फिरवायला गेले म्हणून. दर वेळी ते त्याच मोडक्या यानाशेजारी पुन्हा उभे राहत. मरणाची सोय इतकी साधी असलेला हा पहिलाच मुलूख त्यांनी पाहिला. अंगातल्या अंतराळ-पोशाखातून एक बाई इंग्रजीत बोलायची. तिच्या बोलण्यातला 'ऑक्सिजन' एवढाच शब्द त्यांना कळे. सूर मात्र ओळखीचा होता. पाणी न आलेल्या गल्लीतल्या बायका त्यांच्याशी बत्तीस वर्षं याच सुरात बोलल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांना लाल फुलाचं झुडूप सापडलं. ते तोडलं की हवा मिळते. त्यानंतर कचरूभाऊ मेले नाहीत. ते भरत सुटले. सामानाला चोवीस कप्पे होते. हवा, पाणी, कोळसा, पुन्हा हवा. अकराव्या दिवशी यान दुरुस्त झालं आणि चोवीसही कप्पे काठोकाठ भरले. आता फक्त जमिनीतून उड्डाणाचं इंधन काढून तयार करायचं राहिलं होतं, आणि ते ठेवायला एक कप्पा रिकामा लागत होता.

"मामा, एक कप्पा खाली करा," दीपमाला म्हणाली. सासऱ्याला ती मामा म्हणते.

"कोणता?"

"कोणताही."

"कोणताही म्हनून कसं चालंल? हे पानी हाय, ही हवा."

"आपण नळाच्या दिवशी शिळं पाणी ओततोच की."

तिचं म्हणणं खरं होतं. त्यांच्याकडं आठव्या दिवशी नळ येतो. तोवर ड्रम, बादल्या, कळशा, कुकरसुद्धा भरून ठेवलेला असतो, आणि नवं पाणी आलं की उरलेलं शिळं ठरवून गल्लीत ओतलं जातं.

"ओततो," कचरूभाऊ म्हणाले, "पन नळाला धार लागल्यावर. आधी भांडं पालथं घालतं का कुनी? मी सोडत व्हतो तरी माझ्या घरात नाय घातलं कधी."

"इथं आधीच घालावं लागतं, मामा. तसाच खेळ आहे."

"मंग खेळ चुकीचा हाय."

खेळ बनवणारे पुंडलिकनगरात राहिलेले नव्हते, एवढंच दीपमालाला म्हणता आलं असतं. कचरूभाऊ रोज दुपारी बसत, आणखी एखादं झुडूप शोधत, ते ठेवायला जागा नाही म्हणून तिथंच सोडून परत येत. तिकडं युसूफभाई टाकीखाली उभे असत. फोन येई.

"निघाला का?"

"भरून झालं की निघतो."

"कचरू, तू भरणार किती?"

"तुझ्याकडं हवा हाय का नाय, मला काय म्हाईत?"

"आहे रे बाबा. तू खाली हात ये."

खाली हात जायचं म्हणजे भरवशावर जायचं. पाणी येईलच अशा भरवशावर राहिलेल्या लोकांचं काय होतं, हे कचरूभाऊंइतकं जवळून कोणी पाहिलेलं नव्हतं.

ऑपरेशन बुधवारी होतं. मंगळवारी युसूफभाई दुपारभर खेळात बसून राहिले. कचरूभाऊंनी त्या दिवशी एका कप्प्यावर बोट ठेवलं. तो कोळशाचा होता, आणि कोळसा ग्रहावर जागोजाग पडलेला होता. दीपमाला मागं उभी होती. त्यांनी बोट काढून घेतलं.

"युसूफ, ऑपरेशन व्हवू दे," ते फोनवर म्हणाले. "घरी आला की येतो मी. तोवर अजून थोडं पाहतो."

"ठीक है," युसूफभाई म्हणाले. "शेवटच्या घराला पाणी उशिराच येतं."

शनिवारी युसूफभाईंच्या मुलीचा, शाइस्ताचा फोन आला. ऑपरेशन नीट झालं होतं, त्यानंतरची रात्र नीट गेली नव्हती. मिट्टी तिकडंच दिली. चाचा, तुम्ही जेवण टाळू नका, असंही ती म्हणाली. कचरूभाऊ "बरं" म्हणाले आणि जेवले.

पाच दिवस त्यांनी लॅपटॉपला हात लावला नाही. सहाव्या दिवशी, नळाच्या दिवशी, दुपारी ते बसले आणि एकेक कप्पा ओतत गेले. कोळसा, लोखंड, पाणी. हवासुद्धा. चोवीस कप्पे ओतायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

"मामा, हवा तरी ठेवा," दीपमाला म्हणाली.

"खाली हात ये म्हनला व्हता."

"तिथं आता काही दिसायचं नाही. अल्तमशनं सांगितलं होतं ना?"

"म्हाईत हाय."

इंधन तयार झालं. यान उठलं. हळदीचा ग्रह खाली बेसनाच्या लाडवाएवढा झाला, मग हरभऱ्याएवढा. युसूफभाईंनी पाठवलेल्या खुणेवर कचरूभाऊंनी यान उतरवलं. चांगला उंचवटा होता, खाली उतार होता. प्रेशर खरंच बरोबर आलं असतं. बाकी काही नव्हतं. ते उंचवट्याभोवती दोनदा फिरले आणि टाकी असायला हवी होती तिथं जाऊन उभे राहिले. पोशाखातली बाई बोलू लागली. आसपास एकही लाल फूल नव्हतं. बाई पुन्हा बोलली. यानापर्यंत परत जायला वेळ होता. ते गेले नाहीत.

पडदा काळा झाला आणि पुन्हा हळदीचा झाला. ते लासूरवर उभे होते. यान तिकडंच राहिलं होतं. कप्पे चोवीस, सगळे रिकामे.

"मामा, नळ आला," दीपमालानं बाहेरून सांगितलं.

कचरूभाऊ उठले, ओट्यावर गेले आणि त्यांनी पाइप ड्रममध्ये सोडला. आत ती बाई कोणाला तरी ऑक्सिजनचं बजावत होती. ड्रममधलं आधीचं पाणी ओतायचं राहिलं होतं. नवं पाणी त्यावरून घरंगळत गल्लीत चाललं होतं आणि ते पाइप धरून उभे होते.